तीन ग्रॅम, पाच मिनिटं

दक्षिण चीनमधल्या ग्वांगझूच्या फांगत्सुन भागात चहाचा घाऊक बाजार आहे. गल्लीमागून गल्ली, आणि दोन्ही बाजूंना फक्त चहाची दुकानं. पुअर नावाच्या, दाबून थापलेल्या चहाच्या चकत्यांचे बांबूच्या सालीत बांधलेले गठ्ठे दारात रचलेले, हातगाड्यांवरून खोकी चाललेली, आणि प्रत्येक दुकानात एक लांबरुंद लाकडी टेबल, त्याभोवती चहा पीत बसलेली माणसं. मी कापडाच्या सोर्सिंगच्या कामासाठी या शहरात राहते. आमचा कापडबाजार नदीच्या अलीकडे, चहाचा पलीकडे. सुट्टीच्या दिवशी मी पलीकडे जाते.

मला शिकायचा होता तो चिनी काळा चहा, दूध-साखरेशिवायचा, अख्ख्या पत्तीचा. इथल्या दुकानात तो होंगछा म्हणून मागायचा. मी ज्यांच्याकडे जाते त्या बाई मूळच्या चावचौच्या, म्हणजे गायवान (झाकणाचं, बिनकानाचं छोटं भांडं) आणि इवल्या पेल्यांमधून चहा पिण्याच्या रीतीचं जिथे माहेर आहे त्या भागातल्या. दुकानात सगळे त्यांना लाओबान्यांग म्हणतात, मालकीणबाई. मीही तसंच म्हणते. त्यांच्या हातचा प्रत्येक चहा मला छान लागायचा. महागाचा छान, स्वस्तातलाही छान. मग विकत कुठला घ्यायचा?

हे मी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी हातातलं गायवान बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "माझ्या हातचा चहा पिऊन विकत घेऊ नकोस. मला कुठल्या पत्तीला किती सेकंद द्यायचे ते ठाऊक आहे. पत्तीचा दोष मी पाण्यात उतरूच देत नाही." आणि कपाटातून त्यांनी पांढऱ्या जाड चिनीमातीचे पेले काढले. सरळ उभा पेला, एका बाजूला कान, काठाला दातेरी खाच, वर झाकण, आणि प्रत्येक पेल्याच्या जोडीला एक पसरट वाडगा. चहा पारखणाऱ्यांचा हा संच. पेल्यात दीडशे मिलिलिटर पाणी मावतं. तीन ग्रॅम पत्ती, वरून सळसळ उकळतं पाणी, झाकण, पाच मिनिटं. मग पेला वाडग्यावर आडवा करायचा. खाचेतून चहा खाली उतरतो, चोथा आत राहतो.

चीनच्या राष्ट्रीय मानकात काळ्या चहासाठी हीच पद्धत दिली आहे. आंतरराष्ट्रीय मानकातली पद्धत जवळपास अशीच, शंभर मिलिलिटरला दोन ग्रॅम आणि सहा मिनिटं. असा चहा कुणी आवडीने पिणार नाही. तो दाट होतो, कडवट होतो, तुरटपणा जिभेच्या कडांना धरून बसतो. पण पारखायला तोच लागतो. गायवानमध्ये दहा सेकंदांत पत्तीतलं जे गोड आणि सुगंधी असतं ते पुढे येतं आणि बाकीचं मागे राहतं. पाच मिनिटं उकळत्या पाण्यात राहिलेल्या पत्तीला मागे काही ठेवता येत नाही.

त्या दिवशी त्यांनी दोन कीमून शेजारी शेजारी ठेवले. कीमून अनहुई प्रांतातल्या चीमन तालुक्याचा. तिथे पूर्वी हिरवा चहा व्हायचा. १८७५ च्या सुमारास यू गानछन नावाचा एक अधिकारी फुजियानमधली नोकरी सुटल्यावर परत आला आणि तिकडची काळ्या चहाची रीत त्याने अनहुईत रुजवली, असं मानलं जातं. चाळीस वर्षांनी, १९१५ साली, सॅन फ्रान्सिस्कोच्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनात कीमूनला सुवर्णपदक मिळालं. पत्ती बारीक, घट्ट वळलेली, काळी, तिच्यावर किंचित राखाडी झाक. दोन्ही नमुने दिसायला जवळपास सारखे. गायवानमधून तर दोन्ही मी आधी प्यायले होते आणि दोन्ही आवडले होते.

पाच मिनिटांनंतर आधी रंग पाहिला. एकाचा लाल तजेलदार, वाडग्याच्या कडेला बारीक सोनेरी कडं. दुसऱ्याचा लाल पण मंद, तळाकडे तपकिरी. हे कडं थिआफ्लेविन या रंगद्रव्यामुळे येतं. पत्ती वळताना पेशी फुटतात, आतले कॅटेचिन नावाचे तुरट घटक हवेला लागतात आणि त्यांचं थिआफ्लेविन होतं. तीच क्रिया जास्त लांबली की थिआफ्लेविन मोडून थिआरुबिजिन ही गडद रंगद्रव्यं वाढतात आणि रंग काळवंडतो. म्हणजे पत्ती कारखान्यात किती वेळ थांबली होती याचा अंदाज मला वाडग्याच्या कडेवरून बांधता येत होता. कापडाच्या तपासणीत धाग्याचा ताण पाहून मागावरचा दोष ओळखायची मला सवय आहे, त्यामुळे हे फार आवडलं.

मग वास. पेल्याचं झाकण एका बाजूने जरा उचलायचं, नाक आत घालायचं, दोन-तीन सेकंदांत बाहेर. जास्त वेळ हुंगलं की नाकाला काही कळेनासं होतं. हे तीनदा करायचं. चोथा गरम असताना दोष कळतात, करपट, कुबट, आंबूस. कोमट झाल्यावर वासाची जात कळते. आणि गार झाल्यावर वास किती टिकला ते कळतं. पहिल्या कीमूनला गरम असताना मधाचा वास होता, कोमट झाल्यावर त्यात फुलाचा आला आणि गार पेल्यातही तो तसाच राहिला. दुसऱ्याला गरम असतानाच भाजल्याचा वास होता, छान खमंग वाटावा असा. तो विरला आणि त्याखालून बारीक आंबूसपणा वर आला. गार पेल्यात काहीच उरलं नाही.

चव घेताना चमच्याने थोडा चहा उचलून जोरात आवाज करत ओढायचा. आमचे आजोबा बशीतला चहा असाच फुरका मारून प्यायचे. या ओढण्यात चहाबरोबर हवा आत जाते आणि वास घशाच्या बाजूने नाकापर्यंत चढतो. चहा फार गरम असला तर जीभ बधिर होते, म्हणून तो पन्नास अंशांपर्यंत उतरू द्यायचा. तोंडात फिरवायचा, मग थुंकायचा. पहिला कीमून कडक होता, तुरट होता, पण तुरटपणा घोटाभराने सुटला आणि घशात गोडवा उमटला. दुसऱ्याचा तुरटपणा सुटेचना. गाल आतून कोरडे पडले.

शेवटी चोथा. माझ्या लेखी सगळ्यात रंजक भाग हाच. झाकण उलटं करून त्यावर चोथा काढायचा, थोडं पाणी घालून बोटांनी पसरायचा. पहिल्या पेल्यातली पानं तांबूस, सगळी एका रंगाची, मऊ, बोटाने दाबली की उलगडणारी. दुसऱ्यातली बरीचशी काळी आणि ताठ, पाण्यातही गुंडाळलेलीच, आणि मध्येच एखाद्या पानावर हिरवट डाग. लाओबान्यांगनी नखाने तो डाग दाखवला. तेवढा भाग नीट आंबलाच नव्हता. पत्ती काही ठिकाणी कच्ची, काही ठिकाणी उतरलेली, आणि मग सगळं झाकायला शेवटी जास्त आच दिलेली. गायवानमध्ये मला जो खमंगपणा आवडला होता तो हाच.

इथे पारखणारे गुण देतात तेही सांगण्यासारखं आहे. पत्तीचं रूप २५, रंग १०, वास २५, चव ३०, चोथा १०. बाजारात हिंडताना माणूस पत्तीच्या रूपावर आणि पेल्यातल्या रंगावर भाळतो. शंभरातले पासष्ट गुण मात्र वास, चव आणि चोथ्याचे आहेत.

रूपाच्या मोहाचं सगळ्यात मोठं उदाहरण जिन जुन मेई. फुजियानच्या वूयी डोंगरातल्या तोंगमू गावात २००५ मध्ये हा चहा पहिल्यांदा तयार झाला. नुसत्या कोवळ्या कोंबांचा, त्यामुळे महाग. अर्ध्या किलोला पन्नास हजारांच्या वर कोंब लागतात असं सांगतात. नाव झालं आणि मग जिकडेतिकडे त्या नावाने पिवळाधमक सोनेरी चहा विकला जाऊ लागला. खऱ्या तोंगमूच्या जिन जुन मेईत काळा रंग जास्त असतो, सोनेरी मध्ये मध्ये, आणि कोंब अगदी सडपातळ. फांगत्सुनमध्ये दुसऱ्या एका दुकानातून मी एक सोनेरी नमुना आणला होता, तो लाओबान्यांगनी पाच मिनिटं ठेवून चोथा पसरला. कोंब जाडजूड, टपोरे. "युनान," एवढंच म्हणाल्या, म्हणजे चीनच्या नैऋत्येचा प्रांत. चव वाईट मुळीच नव्हती. काकवी, भाजलेलं रताळं, दाट घोट. युनानच्या कोंबांचा चांगला चहा होता, फक्त दुसऱ्याच्या नावाने आणि दुसऱ्याच्या भावात विकलेला. मला याचा राग येतो, कारण युनानच्या चहाला उसन्या नावाची काहीच गरज नाही.

युनानचा काळा चहा म्हणजे द्येनहोंग. जपानशी युद्ध सुरू झालं, पूर्वेकडचे चहाचे प्रदेश तुटले, तेव्हा १९३८ मध्ये फंग शाओचिउ या तज्ज्ञाला युनानमध्ये पाठवलं गेलं. आज ज्याला फंगचिंग म्हणतात त्या तालुक्यात त्यांनी मोठ्या पानाच्या झाडांपासून काळा चहा करून पाहिला, आणि १९३९ मध्ये तो हाँगकाँगमार्गे लंडनला गेला. हे मोठं पान आसामच्या चहाच्याच जातीचं. त्यात पॉलिफिनॉल जास्त, म्हणून चहा भरीव होतो. असा दाट चहा गार होऊ दिला की गढूळ होतो, दुधाचे थेंब पडल्यासारखा. पहिल्यांदा पाहिलं की चहा बिघडला असं कुणालाही वाटेल. पण कॅफीन आणि थिआफ्लेविन एकमेकांना धरतात म्हणून तसं होतं, आणि गरम केलं की पुन्हा नितळ. चहात दम आहे याची ती खूण.

याच मोठ्या पानाचं एक घराणं ग्वांगझूच्या उत्तरेला यिंगदेमध्ये आहे. तिथला काळा चहा १९५९ पासूनचा, आणि तिथली यिंगहोंग ९ ही जात युनानच्या झाडांमधून निवडलेली. वेगवान रेल्वेने तासाभराच्या आत पोचता येतं, म्हणून एका वसंतात मी तिथल्या एका छोट्या कारखान्यात गेले. पेल्यात जो आंबूसपणा कळला होता तो कुठे जन्मतो ते मला बघायचं होतं.

आधी पानं सुकवतात. जाळीच्या लांब हौदावर पसरून खालून हवा सोडतात, देठ वाकवला तर मोडू नये इतपत मऊ होईपर्यंत. मग वळायचं यंत्र. वर दाबाची टोपी, खाली उंचवटे असलेली थाळी, आणि मध्ये पानं गोल गोल फिरत राहतात. बाहेर येतात ती ओली, चिकट, गुंडाळलेली, हिरव्या रसाने माखलेली. हाताला तो रस लागला आणि थोड्या वेळात बोटं तांबूस झाली. नंतर टोपल्यांत भरून ओल्या फडक्याखाली दमट खोलीत ठेवतात. तिथे एक काका तासन्‌तास टोपल्यांमधून फिरत होते. मध्येच फडकं उचलायचे, मूठभर पत्ती घ्यायची, मुठीत दाबून हुंगायची, परत टाकायची. मलाही त्यांनी हुंगायला दिली. आधी कापलेल्या गवताचा वास. तासाभराने कच्च्या सफरचंदाचा. आणखी पुढे गेल्यावर फुलांचा आणि पिकल्या फळाचा, एकदम गोड. रंग तोवर तांब्याचा झालेला. काकांनी हाक मारली आणि टोपल्या लगेच वाळवणयंत्राकडे गेल्या. मी विचारलं, अजून अर्धा तास ठेवलं तर? त्यांनी तोंड आंबट करून दाखवलं.

भिंतीवर तापमान आणि दमटपणा दाखवणारी यंत्रं होती, काका त्यांच्याकडेही पाहत होते. पण थांबायचं कधी ते नाकानेच ठरलं. आता एखाद्या चहाच्या चोथ्यात आंबूस वास आला की मला ती खोली दिसते आणि तिथे कुणीतरी उशिरा हाक मारली हे कळतं.

पारखून घेतलेला चहा घरी मात्र मी गायवानमध्येच करते. त्याचीही हळूहळू सवय झाली. माझं गायवान एकशे दहा मिलिलिटरचं आहे. त्यात साडेचार-पाच ग्रॅम पत्ती, आपल्याकडच्या सवयीने पाहिलं तर फारच जास्त. आधी गायवान गरम पाण्याने विसळायचं, ओतून टाकायचं, मग कोरडी पत्ती आत घालून झाकण लावायचं आणि क्षणभराने उघडून वास घ्यायचा. तापलेल्या भांड्यातल्या कोरड्या पत्तीचा वास पेल्यातल्या चहापेक्षाही पुष्कळदा स्पष्ट असतो. कोंबांच्या चहाला पाणी नव्वद अंशांच्या आसपास, पानांच्या चहाला त्याहून गरम. धार भांड्याच्या कडेने सोडायची, थेट पत्तीवर नाही. झाकण जरा तिरकं करून, अंगठा आणि मधलं बोट काठावर, तर्जनी झाकणाच्या बोंडावर, आणि शेवटच्या थेंबापर्यंत ओतायचं. काठ बाहेर वळलेला असतो म्हणून तो तितका तापत नाही, पण भांडं काठोकाठ भरलं तर बोटं पोळतातच. तळाशी पाणी राहिलं तर पत्ती त्यात कडवट होत राहते आणि पुढचं पाणी बिघडतं.

पहिल्या पाण्याला मनात दहा आकडे मोजायचे. दुसऱ्यालाही तेवढेच, मग दर वेळी थोडे वाढवत जायचे. पहिलं पाणी ओतून टाकायची पद्धत काही जण काळ्या चहालाही लावतात. मला ते पटत नाही. चांगल्या कीमूनच्या पहिल्या पाण्यात जो फुलाचा वास असतो तो पुन्हा तसा येत नाही. दुसरं-तिसरं पाणी सगळ्यात भरदार. कीमून पाच-सहा पाण्यांत संपतो, युनानचा त्याहून पुढे जातो. गायवानमधून चहा आधी एका काचेच्या भांड्यात ओततात, म्हणजे सगळ्यांना सारखाच दाट मिळतो, आणि मग इवल्या पेल्यांत. पेला सात दशांशच भरायचा. इथे काठोकाठ भरलेला पेला पाहुण्याचा मान ठेवत नाही. आणि कुणी तुमच्या पेल्यात ओतलं की बोलणं न थांबवता दोन बोटं टेबलावर टकटक करायची, ती पावती.

पाण्याबद्दल थोडं. एकच कीमून मी नळाच्या, शुद्ध केलेल्या आणि डोंगराच्या झऱ्याच्या बाटलीतल्या पाण्यात शेजारी शेजारी करून पाहिला. जड पाण्यात रंग काळपट होतो, वास बसतो आणि वर तवंग धरतो. अगदी क्षारहीन पाण्यात चहा धारदार पण पोकळ लागतो. हलकं, थोडेच क्षार असलेलं पाणी सगळ्यात चांगलं. पुण्याला घरी जाते तेव्हा खडकवासल्याच्या पाण्यात हा चहा सुरेख होतो. त्यात सोसायटीने बोअरचं पाणी मिसळलं की लगेच कळतं.

आणि एक, कारण मुंबईशी त्याचं नातं आहे. फांगत्सुनच्या समोर, नदीच्या त्या काठाला शामियान बेट आहे आणि त्याच्या जवळच कधीकाळी परदेशी व्यापाऱ्यांच्या तेरा वखारी होत्या. १७५७ पासून १८४२ पर्यंत पाश्चात्त्य जहाजांना चीनमध्ये व्यापाराला हेच एक बंदर होतं. मुंबईचे पारशी व्यापारी इथे येत. जमशेटजी जीजीभाईंनी पाच फेऱ्या केल्या, त्यातल्या एकीत फ्रेंचांनी जहाजासकट पकडलं. मुंबईहून कापूस आणि अफू यायची, इथून चहा लंडनला जायचा. तेव्हा जाणाऱ्या चहात वूयी डोंगरातला काळा चहा भरपूर असे. नदीकाठाने चालताना मला हे आठवतं आणि जे. जे. रुग्णालयाची इमारत डोळ्यांपुढे येते. ज्या पैशातून ती उभी राहिली त्यातला काही या पाण्यावरून गेला होता.

त्याच वूयीच्या तोंगमू गावचा जुना चहा म्हणजे लापसांग सूचोंग. पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेला. गाव राखीव जंगलात असल्याने बाहेरच्यांना सहज जाता येत नाही, मी गेलेले नाही. पण पाच मिनिटांच्या पेल्याने याबाबतीत मला खूप मदत केली. हलक्या पत्तीवर धूर थापलेला असेल तर गरम चोथ्याला डांबराचा वास येतो आणि गार झाल्यावर तोच एकटा उरतो. चांगल्या चहात धूर मागे असतो, पुढे वाळवलेल्या लोंगान फळाचा गोडवा, आणि गार पेल्यातही आधी तोच गोडवा लागतो. माझ्या नवऱ्याला सगळ्यांत हाच आवडतो. आईला पुण्यात दिला तर तिने एका घोटानंतर पेला खाली ठेवला आणि यिंगहोंग ९ मागितला, दूध घालून. त्यात दूध चालतं, चव मरत नाही, आणि तिला हवा तसा चहा पिण्याचा तिचा हक्क आहे.

सध्या घरात कीमून आणि यिंगहोंग उघडलेले आहेत. पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यांत, आत जाड कागदी पिशवी, गॅसपासून आणि मसाल्यांच्या डब्यांपासून लांब. असा चहा दीड-दोन वर्षं चांगला राहतो. लापसांगचा डबा पुस्तकांच्या कपाटात, कारण तो कुठल्याही चहाशेजारी ठेवला की महिनाभरात त्यालाही धुराचा वास लागतो.